शांतता हे बायप्रॉडक्ट आहे: अर्व्हाइन यांच्या स्टोइक पुस्तकाबद्दल

पीएच.डी.ला लागलेल्या किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांमध्ये हल्ली स्टोइक तत्त्वज्ञानाची पुस्तकं बरीच फिरतात. त्यातलं एक म्हणजे विल्यम अर्व्हाइन यांचं 'अ गाइड टू द गुड लाइफ' (२००९). लेखक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, भाषा मात्र गप्पा माराव्यात तशी. पुस्तक चांगलं आहे, जरूर वाचा. पण त्यात एक अशी गोष्ट केली आहे, जी तुम्ही तुमच्या सिनॉप्सिसमध्ये केलीत तर कमिटी तुम्हाला सोडणार नाही.

आधी बहुतेकांना माहीत असलेला भाग. एपिक्टेटस हा एकेकाळी गुलाम असलेला शिक्षक. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. शिष्य एरियनने त्याची शिकवण उतरवली आणि त्यातून 'एन्खिरिडियन' ही छोटी पुस्तिका काढली. तिची सुरुवातच दोन कप्प्यांनी होते: आपली मतं, इच्छा आपल्या हातात, शरीर, मालमत्ता, नावलौकिक आपल्या हातात नाही. अर्व्हाइन यात तिसरा कप्पा घालतात, थोडं हातात असलेल्या गोष्टींचा. टेनिस खेळताना जिंकणं हे ध्येय ठेवू नका, आपला उत्तम खेळ खेळणं हे ठेवा. पेपर स्वीकारला जाणं हातात नाही, पण कंट्रोल्स नीट लावणं आहे. सल्ला कामाचा आहे, फक्त तो नवा नाही. सिसेरोच्या 'दे फिनिबुस'मध्ये स्टोइकांचा धनुर्धर आहेच: नेम धरण्यासाठी शक्य ते सगळं करायचं, बाण लागणं ही वेगळी गोष्ट.

खरी अडचण पुढे आहे. प्राचीन स्टोइकांचं ध्येय होतं सद्गुण, म्हणजे माणूस म्हणून नीट वागणं. शांतता त्यातून आपोआप येते, अशी त्यांची मांडणी. अर्व्हाइन ध्येयाच्या जागी शांतताच ठेवतात. लपूनछपून नाही, कारणं देऊन: रोमन स्टोइकांनी ग्रीकांपेक्षा शांततेवर जास्त भर दिला, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. सेनेकाने मनाच्या शांततेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पण सुखाबद्दल हाच सेनेका म्हणतो की शेत नांगरतो ते धान्यासाठी, मधे उगवणाऱ्या फुलांसाठी नाही. अर्व्हाइन यांनी फुलांसाठी नांगर धरलाय. तंत्रं तीच ठेवली आणि डिपेंडंट व्हेरिएबल बदलला. मग निष्कर्ष तेच कसे राहतील?

याने काय फरक पडतो, ते लॅबमध्ये बघू. समजा, सिनियरने आलेखातून दोन पॉइंट काढून टाकले. कारण विचारलं तर 'आउटलायर आहेत' एवढंच. ध्येय मनःशांती असेल तर हिशोब सोपा: सिनियरचं वागणं माझ्या हातात नाही, मी माझा श्वास सांभाळतो. झोपही छान लागेल. ध्येय सद्गुण असेल तर बोलावं लागतं, कारण बोलणं माझ्या हातात आहे. गाईडला पटेल का, माझं नाव पेपरवर राहील का, हे नाही. दोन कप्पे तेच, वागणं बरोबर उलटं! 'जे हातात नाही ते सोड' हा सल्ला वरच्या खुर्चीतून खाली दिला जातो तेव्हा तर तो जास्तच तपासून घ्यावा, असं माझं मत.

एपिक्टेटसच्या वर्गात हीच बाजू दिसते. 'डिस्कोर्सेस'मध्ये तो हेल्विडियस प्रिस्कसची गोष्ट सांगतो. सम्राट वेस्पेशियन त्याला निरोप पाठवतो, सिनेटमध्ये येऊ नकोस. हा म्हणतो, सदस्यत्व काढून घेणं तुमच्या हातात, पण सदस्य आहे तोवर मी येणार. बरं, ये, पण गप्प बस. मत विचारलंत तर योग्य वाटेल ते बोलेनच. मग मारून टाकीन. ते तुमचं काम, न घाबरता मरणं माझं. पुढे हेल्विडियसला खरोखरच हद्दपार करून मारलं. 'तुमच्या हातात, माझ्या हातात' ही भाषा इथेही आहे, पण ती टेन्शन कमी करायला वापरलेली नाही.

अर्व्हाइन वाचलात की लगेच 'डिस्कोर्सेस'च्या पहिल्या खंडातलं हे दुसरं प्रकरण वाचा. चार-पाच पानांचं आहे, कोर्सवर्कच्या दोन लेक्चर्समधे होईल.