एकोणतीस घोडे आणि एक व्यापारी

‘फॉरेस्ट गंप’ (१९९४) पाहिलेल्यांना नायकाच्या नावाची गोष्ट आठवत असेल. अमेरिकन यादवी युद्धातल्या एका घोडदळाच्या सेनापतीवरून आई ते ठेवते. माणसं कधीकधी अर्थहीन वागतात, याची आठवण राहावी म्हणून. तो सेनापती म्हणजे नेथन बेडफर्ड फॉरेस्ट (१८२१–१८७७). त्याआधी चार वर्षं, केन बर्न्सच्या ‘द सिव्हिल वॉर’ या माहितीपट-मालिकेत कादंबरीकार शेल्बी फूट यांनी निराळा निवाडा दिला होता: या युद्धानं दोन अस्सल प्रतिभावंत दिले, लिंकन आणि फॉरेस्ट. एकीकडे ‘अर्थहीन’, दुसरीकडे ‘प्रतिभा’. मला हे दोन्ही शब्द एकच काम करताना दिसतात. फॉरेस्ट लढला कशासाठी, हा प्रश्नच ते बाजूला सारतात.

फूट यांना पडलेली भुरळ समजण्यासारखी आहे. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला हा माणूस १८६१मध्ये साधा शिपाई म्हणून दक्षिणेच्या सैन्यात शिरला आणि युद्ध संपताना लेफ्टनंट जनरल होता. फेब्रुवारी १८६२मध्ये फोर्ट डोनेल्सनला वरिष्ठांनी शरण जायचं ठरवलं, तेव्हा तो आपले स्वार गोठवणाऱ्या पाण्यातून बाहेर काढून घेऊन गेला. जून १८६४मध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्सला त्यानं आपल्याहून बऱ्याच मोठ्या फौजेची दाणादाण उडवली. त्याच्या मांडीखाली एकोणतीस घोडे पडले असं सांगतात. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे सगळं चटकन जवळचं वाटतं. फूट यांच्या तीन खंडांच्या इतिहासात (१९५८–१९७४) फॉरेस्ट आला की गद्यालाही वेग येतो. ती पानं मी आवडीनं वाचली आहेत.

अडचण आहे ती या वेगाचीच. युद्धापूर्वी फॉरेस्ट मेम्फिसमध्ये माणसं विकत होता. गुलामांच्या व्यापारातून आणि कापसाच्या मळ्यांतून तो गडगंज झाला, आणि त्याच पैशातून त्यानं आपल्या स्वारांना घोडे नि हत्यारं पुरवली. म्हणजे शौर्यगाथेतला पहिला घोडासुद्धा या धंद्यातून आलेला आहे. पण गाथा सुरू होते ती घोड्यापासून. धंदा ‘पूर्वायुष्य’ म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो.

या मांडणीची खरी परीक्षा १२ एप्रिल १८६४च्या फोर्ट पिलोमध्ये होते. मिसिसिपीकाठच्या या ठाण्यात उत्तरेचे सुमारे सहाशे सैनिक होते, त्यांतले जवळपास निम्मे कृष्णवर्णीय. फॉरेस्टच्या माणसांनी ठाणं घेतलं आणि शरण येणाऱ्यांनाही मारलं. गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय सैनिक कितीतरी मोठ्या प्रमाणात मेले. दक्षिणेच्या घोडदळात स्वतः लढलेले जॉन वायेथ यांच्या १८९९च्या चरित्रापासून वाद रंगतो तो एकाच मुद्द्यावर: हुकूम फॉरेस्टचा होता का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. त्यात मेलेली माणसंही नायकाच्या चारित्र्याचा पुरावा एवढीच उरतात. विचारायला हवं ते हे: ज्यानं वर्षानुवर्षं माणसांची किंमत डोक्यागणिक ठरवली, त्याला गणवेशातला, बंदूकधारी कृष्णवर्णीय माणूस काय दिसला असेल? हातातून निसटलेला माल, की शत्रूचा सैनिक? असं विचारलं की व्यापारी आणि सेनापती ही दोन आयुष्यं राहत नाहीत. युद्धानंतर त्यानं कू क्लक्स क्लानचं प्रमुखपद घेतलं, तेही मग कोडं उरत नाही.

ब्रायन स्टील विल्स (१९९२) आणि जॅक हर्स्ट (१९९३) यांची चरित्रं हे धागे बरेच जोडून दाखवतात. त्यांत दौड कमी आहे, म्हणून ती फूट यांच्याइतकी वाचनीय नाहीत असं कुणी म्हणेल. मला तो त्यांचा गुण वाटतो.

मेम्फिसमध्ये १९०५ साली उभारलेला फॉरेस्टचा पुतळा अर्थातच अश्वारूढ होता. डिसेंबर २०१७मध्ये तो उतरवला गेला. पुतळा क्रेननं उतरवता येतो. वाक्यांमध्ये बसलेला घोडेस्वार उतरवायचा, तर वाचकाला थांबून विचारावं लागतं की हा घोडा आला कुणाच्या पैशातून.