शिवछत्रपतींचें डच चित्र व ‘सुरतेचा व्हॅलेंटाइन’

श्रीशिवछत्रपतींचें जें एकचष्मी चित्र आज बिलोलीसारख्या तालुक्याच्या गांवींहि कचेरींत, शाळेंत व घरोघरीं लावलेलें आढळतें, त्याच्या मुळाविषयीं एक कथा सर्वत्र सांगितली जाते. सुरतेचा डच गव्हर्नर व्हॅलेंटाइन यानें १६६४ सालच्या स्वारींत महाराजांची भेट घेतली, त्यांस समक्ष बसवून हें चित्र काढविलें, व पुढें तें आपल्या ग्रंथांत छापलें, अशी ती कथा. वर्तमानपत्रें व जयंतीच्या पुस्तिका ती निःशंकपणें छापतात. कधीं कधीं स्वतःस संशोधक म्हणविणारेहि. चित्र खरें, ग्रंथ खरा, ग्रंथकारहि खरा; जोडणी मात्र खोटी.

फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याचा जन्म हॉलंडांत डोर्ड्रेख्ट येथें १६६६ सालीं झाला. सुरतेवरील पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधील. म्हणजे महाराज सुरतेस होते तेव्हां हा कथित गव्हर्नर जन्मासहि आला नव्हता! एवढ्या एका सनानें कथेचा निकाल लागतो. तो गव्हर्नर तर कधींच नव्हता. डच कंपनीच्या पदरचा धर्मोपदेशक म्हणून १६८५ पासून दोन खेपांत तो पूर्वेकडे राहिला, आणि तोहि बहुतेक काळ अंबोईना व जावा या बेटांत. स्वारीच्या वेळीं सुरतेच्या डच वखारीचा मुख्य डिर्क व्हान आड्रिकेम हा होता. १६६२ सालीं औरंगजेबाच्या दरबारीं कंपनीची वकिलात घेऊन गेलेला तो हाच. शहर लुटलें जात असतां डच व इंग्रज दोघेहि आपापल्या वखारी धरून बसले होते. अशा चार-पांच दिवसांच्या धामधुमींत चित्रकारापुढें स्वस्थ बसण्याइतकी सवड महाराजांस झाली, ही कल्पनाच चमत्कारिक आहे.

आतां ग्रंथाकडे वळूं. ‘जुना व नवा पूर्वहिंद’ अशा अर्थाच्या नांवाचा हा पंचखंडी डच ग्रंथ १७२४ ते १७२६ या वर्षांत छापला गेला. त्यांत ग्रंथकारानें डोळ्यांनीं पाहिलेलें थोडें व इतरांच्या कागदांतून जमविलेलें फार. रुम्फियससारख्या पूर्वसूरींचें लेखन त्यानें आपलेंसें करून टाकलें हा आक्षेपहि जुनाच आहे. जपानचें प्रकरण पाहावें. शेवटच्या खंडांत तेथील डच व्यापाराचें सविस्तर वर्णन आहे. पण ग्रंथकार जपानास गेलेला नाहीं. तें प्रकरण उपयुक्त आहे तें कंपनीच्या दप्तरावर उभें आहे म्हणून. तेव्हां अशा लेखकानें एखादें चित्र छापलें, तर तें त्यास कोणाच्या संग्रहांतून मिळालें, हा पहिला प्रश्न. त्यानें काय पाहिलें, हा नव्हे.

जपानचें नांव निघालेंच आहे, म्हणून सनाविषयीं तेथील एक हकीकत सांगतों. डचांच्या खुणा शोधीत जपानांत फिरणारा प्रवासी नागासाकीचें देशिमा पाहतोच. पण त्यापूर्वींची वखार हिरादो बेटावर होती. तेथें १६३९ सालीं बांधलेल्या दगडी कोठारावर ख्रिस्ती सन कोरलेला होता, आणि तेवढें निमित्त करून शोगुनाच्या अधिकाऱ्यांनीं १६४० मध्यें तें पाडावयास लाविलें. पुढच्याच वर्षीं डचांस देशिमास हलावें लागलें. तें कोठार २०११ सालीं पुन्हां उभारण्यांत आलें आहे. तिकडे एका खऱ्या सनानें इमारत गेली. इकडे एका खोट्या सनावर कथा उभी राहिली! आमच्याकडील वेंगुर्ल्याची डच वखार मोडकळीस आली. तिच्याहून टिकाऊ ठरला तो हा कागदावरचा डच अवशेष.

मग चित्र आलें कोठून? ॲम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सेन याच्या संग्रहांत मोगल व दक्षिणी पुरुषांच्या तसबिरींची एक चित्रवही होती. ती हल्लीं तेथील राइक्स म्युझियममध्यें आहे, व तींत महाराजांचें चित्र आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें याच वर्गांतील दुसरें आहे. दोन्हीं गोवळकोंडा कलमाचीं. विट्सेनच्या वहीचा काळ सुमारें १६८६ धरतात. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर, पण १६८७ मध्यें कुतुबशाही बुडण्यापूर्वीं. महाराज १६७७ सालीं भागानगरास अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस गेले होते, हें येथें विसरतां येत नाहीं. तेथील चितारी मंडळींनीं त्यांस पाहिलें असावें, व त्या वेळच्या एखाद्या खर्ड्यावरून पुढें प्रती निघाल्या असाव्या, असें माझें अनुमान आहे. तें अनुमान म्हणूनच घ्यावें. व्हॅलेंटाइनचें छापील चित्र याच परंपरेंतील दिसतें. आम्हां बिलोलीकरांस गोवळकोंडा पुण्याहून कितीतरी जवळ. मांजरा ओलांडली कीं तेलंगण. तरी हें मूळ शोधावयास आमची दृष्टि सुरतेकडे जाते, याचें नवल वाटतें.

कै. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं हें चित्र लोकांपुढें आणलें, त्या कार्याचें मोल यानें तिळभरहि कमी होत नाहीं. तोंवर भलत्याच पुरुषाची तसबीर महाराजांची म्हणून पूजिली जात होती. कोणी म्हणतील, योग्य चित्र मिळालें ना, मग तळटीपेचा कीस कशास काढावा? परंतु ती भलती तसबीर गळीं पडली ती अशाच न तपासलेल्या तळटीपेमुळें. ‘समक्ष काढलेलें, सुरत, १६६४’ हीं अक्षरें खोडून ‘गोवळकोंडा कलम, इ. स. १६८० ते १६८७ चा सुमार; व्हॅलेंटाइनच्या १७२४-२६ च्या ग्रंथांत छापील’ एवढेंच लिहावें.

संग्राहकांस एक विनंति. देगलूर-बिलोलीकडील जुन्या घरांतून गोवळकोंडा कलमाचे सुटे कागद हातीं आल्यास चौकटींत बसविण्यासाठीं त्यांचे समास कापूं नयेत. नांव बहुधा तेथेंच लिहिलेलें असतें, आणि पाठीमागेंहि.