‘मुलांना दाखविण्याजोगे’ : मराठी चित्रपट आणि बालप्रेक्षकाचा अधिकार

चित्रपट मुलांना दाखविण्याजोगा आहे की नाही, हा प्रश्न आपण सहसा पालक, शिक्षक आणि प्रमाणन मंडळ यांच्याकडे सोपवून मोकळे होतो. साहित्याच्या अभ्यासकांना त्यात फारसे स्वारस्य नसते. तो नीतीचा, फार तर बालमानसशास्त्राचा प्रश्न आहे, असे गृहीत धरले जाते. वास्तविक ‘कोणासाठी’ हा प्रश्न कोणत्याही संहितेच्या घडणीतच अंतर्भूत असतो. कथन कोणाला उद्देशून आहे, श्रोत्याला ते कोठे उभे करते आणि त्याच्यापासून काय राखून ठेवते, हे निवेदनमीमांसेचे मूलभूत प्रश्न होत. प्रस्तुत लेखात काही मराठी चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा समीक्षेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोन मुख्य वर्ग ठेवले. १९८३ मध्ये त्यांच्या दरम्यान ‘यूए’ आला : बारा वर्षांखालील मुलाने हा चित्रपट पाहावा की नाही, हे पालकांनी ठरवावे. २०२३ च्या दुरुस्तीने या मधल्या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. आंतरजालावरून घरोघरी पोहोचणाऱ्या चित्रपटांना हेच टप्पे २०२१ च्या नियमांनी आधीच लागू झाले होते. हे टप्पे केवळ पालकांच्या विचारासाठी आहेत, चित्रपटगृहाच्या दारावर ते बंधनकारक नाहीत. म्हणजे निर्णय शासनाने घरावर सोपविला. पण निर्णय घेण्यासाठी घराच्या हाती भाषा कोणती दिली? १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन आवाज ऐकू येतात. एक आवाज म्हणतो की, चित्रपट समग्रतेने, त्याच्या एकूण परिणामाच्या दृष्टीने पाहावा. दुसरा आवाज यादी करतो : हिंसा, मद्यपान, अश्लीलता, मुलांचा छळ, हिंसेचे साक्षीदार होण्यास भाग पाडलेली मुले. समग्रतेचे मापन अवघड आणि यादी मोजावयास सोपी, त्यामुळे व्यवहारात यादीचा वरचष्मा होणे स्वाभाविक आहे. पण यादीला दृष्टिबिंदू नसतो. नायिकेच्या नकाराला होकार समजून गाणेभर तिच्या मागे फिरणारा नायक कित्येक दशके ‘सहकुटुंब’ पाहण्याच्या चित्रपटांत सुखाने नांदला, कारण यादीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘ए टेल ऑफ फोर सिटीज’ या लघुपटाचा खटला येथे आठवतो. मुंबईतील वेश्यावस्तीच्या दृश्यांमुळे त्यास ‘ए’ प्रमाणपत्र देण्यात आले होते. १९७० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले. परंतु समाजातील सर्वांत दुर्बल आणि सर्वांत विकृत माणसाच्या रक्षणासाठी निरोगी माणसाने काय पाहू नये हे ठरू लागेल, इतके मापदंड खाली जाता कामा नयेत, अशा आशयाचा इशाराही न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दिला. आपल्या शास्त्रपरंपरेच्या भाषेत बोलावयाचे तर हा अधिकाराचा प्रश्न आहे. ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती. ‘अधिकारी’ म्हणजे तो ग्रंथ ग्रहण करण्यास पात्र असा श्रोता. ‘हे कोणास अपायकारक?’ याऐवजी ‘हे ग्रहण करण्यास कोण समर्थ, आणि ते सामर्थ्य कशाने येते?’ असे ही संकल्पना विचारते. मुलाकडे केवळ रक्षणाचा विषय म्हणून पाहणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा हा प्रश्न मला अधिक फलदायी वाटतो.

मात्र ही संकल्पना निष्पाप नाही. अधिकाराच्याच नावाने शूद्रांना आणि स्त्रियांना श्रवणापासून दूर ठेवले गेले. पात्रता ठरविणारा स्वतः कोठे उभा आहे, हे विचारल्यावाचून हा शब्द वापरणे धोक्याचे आहे. हा धोका केवळ ऐतिहासिक नाही, हे पुढे ‘फँड्री’च्या संदर्भात दिसेल.

‘मुलांसाठी’ या विशेषणाचा संपादकीय इतिहासही विसरता येत नाही. पंचतंत्राची चौकटकथा तीन मूढ राजपुत्रांच्या शिक्षणाची आहे. श्रोते तरुणच आहेत. तरीही त्यात व्यभिचाराच्या, नाक कापले जाण्याच्या, विश्वासघाताच्या कथा निःसंकोचपणे येतात. आपल्या बालवाचनातल्या पंचतंत्रात मात्र सिंह, ससा, माकड आणि मगर तेवढे उरतात. ग्रंथ तोच, श्रोत्याची कल्पना तेवढी बदलली. ही बदललेली कल्पना म्हणजे ज्याच्या आयुष्यात अजून काही घडलेले नाही, असे मूल.

१९५३ चा ‘श्यामची आई’ हा आचार्य अत्रे यांचा चित्रपट मराठी घरांत ‘मुलांनी पाहावाच’ अशा चित्रपटांचा मानदंड ठरला. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. परंतु या कथेत आहे काय? कर्ज, सावकारी अपमान, घराचे उतरते दिवस आणि अखेर आईचा मृत्यू. साने गुरुजींच्या मूळ पुस्तकातील आई पोहण्यास भिणाऱ्या श्यामला शिंपटीने मारत विहिरीकडे धाडते. आजची यादी हाती घेऊन बसले, तर यातील बरेच काही खुणा करण्याजोगे निघेल. तरीही कोणास त्याची अडचण वाटली नाही, कारण सारे दुःख सांगणारा श्याम आता मोठा झाला आहे आणि त्या आठवणींतून त्याने अर्थ काढून ठेवला आहे. बालप्रेक्षकाला दुःख पचवून हाती दिले जाते. हा दोष नव्हे, ती एक कथनरीती आहे. पण ‘संस्कारक्षम’ हा आपला आवडता शब्द बहुधा तिच्याचवरून बेतलेला आहे, आणि म्हणून जेथे अर्थ आधी काढून ठेवलेला नसतो, तेथे आपण अस्वस्थ होतो.

पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीकडे परत आणणारा संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) नेमका येथून वेगळा होतो. नेत्रपटलाच्या कर्करोगाने मुलाची दृष्टी जाणार आहे. जीव वाचवावयाचा तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. चित्रपटाचा पेच आजाराचा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितले गेलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे आणि सांगावयाचे कसे, हे आजोबांना कळत नाही. म्हणजे मुलाला काय सांगण्याजोगे आहे, हाच त्याचा विषय. शेवटी आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर नेऊन शहर दाखवितात. येथे ‘दाखविणे’ हे क्रियापद फार वेगळ्या वजनाने येते. या मुलाच्या बाबतीत दाखविण्याजोगे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘वेळ आहे तोवर जेवढे दाखविता येईल तेवढे’ असे आहे.

रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’बद्दल (२०१३) थोडक्यातच लिहितो. चाळीतील एक तरुण मुलगी घर सोडून जाते आणि तिने ‘शेण खाल्लं’ एवढेच मुलांच्या कानावर पडते. या वाक्प्रचाराचा अर्थ शोधण्यातून सारे कथानक निघते. इंग्रजी उपशीर्षकांत तो कसाही उतरविला तरी त्यातील दुहेरी चाल हाती लागत नाही. सांगण्याचा आव आणून न सांगणे हेच त्याचे काम आहे. पिढ्यानपिढ्या मराठी घरांनी वापरलेले हे एक प्रकारचे तोंडी प्रमाणपत्र म्हणावे. चित्रपट धीट आहे. मात्र उत्तरार्धात तो मुलांशी बोलता बोलता पालकांशी बोलू लागतो आणि तेथे त्याची पकड सैल होते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’पाशी (२०१४) मात्र थांबले पाहिजे. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. शाळकरी जब्या शालूवर मनोमन प्रेम करतो, काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो आणि गावासमोर, वर्गसोबत्यांसमोर, त्याला कुटुंबाबरोबर डुकरे पकडावी लागतात. यादीच्या दृष्टीने पाहू गेल्यास शिव्या आहेत, बापाचा मार आहे, प्राण्याचा पाठलाग आहे. शेवटच्या पाठलागाचे दृश्य दिग्दर्शकाने मुद्दाम लांबविले आहे. प्रथम ते विनोदी वाटते. गावकरी आणि शाळेतील मुले जागा धरून बसतात, टोमणे मारतात, हसतात, आणि काही काळ आपणही हसतो. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि हाताशी आलेले डुक्कर सोडून सारे कुटुंब ताठ उभे राहते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्याबाहेर, प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

मार्गदर्शक तत्त्वांना धास्ती आहे ती हिंसेचे साक्षीदार होण्यास भाग पाडलेल्या मुलांची. ‘फँड्री’तील मुलांना कोणी भाग पाडलेले नाही. ती खुशीने साक्षीदार झाली आहेत, त्यांना मजा येते आहे. यादीत बसत नाही ती हीच गोष्ट, आणि चित्रपटाचा गाभाही हाच. दृश्याची हिंसा डुकराच्या अंगावर जेवढी आहे, त्याहून अधिक ती बघ्यांच्या हसण्यात आहे. बालप्रेक्षकाला दिग्दर्शक आधी त्या हसणाऱ्यांत बसवितो आणि मग दगडाने तेथून उठवितो. दृष्टिबिंदूची ही हालचाल तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कळते. कदाचित प्रौढापेक्षा लवकर कळते, कारण वर्गात कोणाला तरी हसण्याचा आणि हसले जाण्याचा अनुभव त्याला ताजा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र मी हा चित्रपट दाखविणार नाही. बघ्यांचे हसणे आणि चित्रपटाचे म्हणणे यांतील अंतर ओळखण्याचे सामर्थ्य त्या वयात आलेले नसते आणि मग मागे उरतो तो केवळ पाठलाग. वयाचे टप्पे मला निरर्थक वाटत नाहीत, ते असे.

येथील विद्यापीठात हा चित्रपट मी तौलनिक साहित्याच्या वर्गात उपशीर्षकांसह दाखविला. विद्यार्थी निरनिराळ्या प्रांतांतले, बहुतेकांना मराठी येत नाही. चर्चेत साहजिकच प्रश्न निघाला की, हा चित्रपट मुलांनी पाहावा काय? बोलणे मतमतांतरांनी रंगले असता एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, ‘सर, कोणत्या मुलांनी?’ आपण शाळेत असताना वडिलांबरोबर गावात कोणती कामे करीत होतो, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. ती येथे नोंदविण्याचे कारण नाही. त्या वयात ते पाहणे आपल्याला योग्य आहे का, असे कोणी विचारले नव्हते, एवढे तो म्हणाला. त्यानंतर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही, मीही नाही. माझ्या टिपणांत ‘बालप्रेक्षक’ हा शब्द सर्वत्र एकवचनी होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. प्रमाणपत्राला अभिप्रेत असलेले मूल म्हणजे ज्याला हे सारे प्रथम पडद्यावरच भेटणार आहे, असे मूल. जब्याच्या वयाचा जब्या त्या कल्पनेत कोठेच बसत नाही. त्याने जे जगावे, ते दुसऱ्याने पाहूही नये, या रक्षणात अधिकाराची जुनी वाटणी नव्या रूपाने परत येते. तेव्हा ‘फँड्री’ मुलांना दाखवू नये, असे म्हणणाऱ्याने कोणत्या मुलांचे रक्षण आपल्याला अभिप्रेत आहे, हेही सांगितले पाहिजे.

याच्या दुसऱ्या टोकाला उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (२००९) आहे. त्यात यादीत घालण्याजोगे जवळजवळ काहीच नाही. समीर आणि नचिकेत ही दोन किशोरवयीन भावंडे. नचिकेत विहिरीत बुडून जातो. समीर त्या मरणाचा अर्थ लावू पाहतो आणि घर सोडून हिंडतो. रक्त नाही, शिवी नाही, शृंगार नाही. मात्र लेखात उल्लेखिलेल्या चित्रपटांत मुलाच्या मनावर सर्वाधिक भार टाकणारा हाच आहे. श्यामप्रमाणे येथे मोठा होऊन अर्थ सांगणारा निवेदक नाही. ‘नचिकेत’ हे नाव योगायोगाने आले असेल, असे मला वाटत नाही. कठोपनिषदातील नचिकेता मृत्यूला मृत्यूविषयीच विचारतो. यम त्याला परोपरीने टाळू पाहतो. हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य, हवे ते माग म्हणतो. मुलांना दाखविण्याजोग्या गोष्टींची ती एक प्राचीन यादीच म्हणावयास हरकत नाही. मुलगा ती नाकारतो आणि मग यम त्याला अधिकारी मानून बोलू लागतो. म्हणजे ज्या परंपरेने अधिकाराच्या नावाने इतक्या जणांना वगळले, तिच्याच एका ग्रंथात अधिकारी ठरतो तो एक मुलगा, आणि ठरतो तो वयाने किंवा जन्माने नव्हे, प्रश्न न सोडल्याने. चित्रपटातील समीरला मात्र यम भेटत नाही. त्याच्याभोवतीची मोठी माणसे विधींत आणि घरकामात गुंतलेली आहेत. ती दुष्ट नाहीत. त्यांना एवढेच ठाऊक आहे.

आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘विहीर’ दाखवावा काय, असे एका सहकारी प्राध्यापिकेने मला मध्यंतरी विचारले. ‘फँड्री’विषयी मी तत्काळ होय म्हणालो असतो, येथे अडखळलो. त्याच्या जवळचे कोणी गेले आहे का, असे मी विचारले. मागील वर्षी त्याचे आजोबा गेले, त्या म्हणाल्या. परीक्षा होती म्हणून त्याला आठ दिवस कळविले नव्हते.