‘पवार’ : एक आडनाव, अनेक स्थाने
साहित्य आणि प्रादेशिक राजकारण यांतील नामव्यवहाराचा विचार

प्रास्ताविक

वाङ्मयकोश, चरित्रकोश किंवा ग्रंथालयातील लेखकसूची आडनावाच्या आधारे रचलेली असते. अशा सूचीत ‘पवार’ या नोंदीखाली ऊर्मिला पवार, ज. वि. पवार, दया पवार आणि शरद पवार ही नावे एकाखाली एक येतात. सूचीची ती सोय आहे आणि तिच्या ठिकाणी ती योग्यच आहे. मात्र या सोयीमुळे एक आभास निर्माण होतो. एकच आडनाव म्हणजे एकच कुळ, एकच परंपरा किंवा निदान एकच सामाजिक अनुभव, असे वाचकाला नकळत वाटू लागते. याच्या उलट टोकाची सवयही मराठी समाजात रुजलेली आहे. आडनाव ऐकताच जात ओळखण्याचा प्रयत्न केला जातो. ‘पवार’ हे आडनाव या दोन्ही सवयींना उत्तर देते. या आडनावाच्या व्यक्तींनी लिहिलेली आत्मकथने आणि त्यांचा सार्वजनिक जीवनातील वावर एकत्र पाहिल्यास असे दिसते की, साहित्यात या आडनावाचा हिशेब द्यावा लागतो, तर राजकारणात तेच आडनाव भांडवल ठरते. या भेदाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आडनावाचा विस्तार

मराठी आडनावांचे काही ठळक वर्ग आहेत. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही वतनावरून आलेली आडनावे होत. ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे गावाचा निर्देश करतात. ‘पवार’ हे मात्र कुलवाचक आडनाव आहे. त्याचा संबंध परमार या राजपूत कुळाशी जोडला जातो. अठराव्या शतकात मराठ्यांच्या माळव्यातील विस्तारातून धार आणि देवास येथे पवारांची संस्थाने उभी राहिली. यामुळे या आडनावाला सरदारकीची प्रतिष्ठा लाभली.

परंतु हे आडनाव एका जातीपुरते कधीच मर्यादित नव्हते. मराठा समाजाप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजात, बंजारा समाजात आणि पारधी समाजातही ते आढळते. जाधव, चव्हाण, गायकवाड, मोरे या आडनावांचीही हीच स्थिती आहे. म्हणजे जे चिन्ह वरवर कुळाची ग्वाही देते, ते प्रत्यक्षात सामाजिक स्थानाविषयी मौन पाळते. हे मौन भंग पावते ते गाव, वस्ती, बोली, घरातील तसबिरी अशा अन्य खुणांमुळे. दलित आत्मकथनांतील अनेक प्रसंगांचे मर्म येथेच आहे.

‘बलुतं’ : दगडू आणि दया

दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले. तत्पूर्वी 1974 मध्ये त्यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आलेला होता. ‘बलुतं’च्या रचनेचे वैशिष्ट्य असे की, त्यात दोन पवार आहेत. एक शहरात स्थिरावलेला, लेखक म्हणून मान्यता पावलेला दया पवार आणि दुसरा दगडू मारुती पवार. दगडू आपली कहाणी सांगतो आणि दया ती ऐकतो. वास्तविक दोघे एकच आहेत. मराठी समीक्षेने या दुभंगाची चर्चा बहुधा निवेदनतंत्र म्हणून केली आहे. तथापि नामव्यवहाराच्या दृष्टीने पाहता त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. दोन्ही नावांत आडनाव समान आहे. बदलले आहे ते पाळण्यातले नाव.

दगडू, धोंड्या, कचऱ्या ही नावे ज्या समाजरचनेने दिली, तिच्यात नाव हेही बलुत्यासारखेच वाट्याला आलेले असते. गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून पदरात पडणारे धान्य जसे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, तसे नावही दुसऱ्याने ठरवलेल्या मर्यादेत. म्हणून ‘दगडू’चे ‘दया’ होणे हा केवळ टोपणनावाचा प्रश्न राहत नाही. पण नव्या नावाने जुना माणूस पुसला जात नाही, हे या पुस्तकाचे प्रामाणिक निरीक्षण आहे. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना दयाच्या सोबत राहतात. सरदार घराण्यांशी जोडलेले आडनाव या सर्व प्रवासात त्याच्याजवळ होते. त्या आडनावाने त्याला गावात संरक्षण दिले नाही आणि शहरात प्रतिष्ठाही दिली नाही. जे काही मिळाले, ते त्याने स्वतः धारण केलेल्या ‘दया’ या नावाने लिहून मिळवले.

या मुद्द्याला पुढच्या पिढीत पुष्टी मिळते. त्यांच्या कन्या आणि कवयित्री प्रज्ञा यांनी आरंभी प्रज्ञा लोखंडे या नावाने लेखन केले. पुढे त्या प्रज्ञा दया पवार या नावाने लिहू लागल्या. या नावात मधले स्थान ‘दगडू’ला नाही, ‘दया’ला आहे. म्हणजे वारसा स्वीकारला गेला तो आडनावाचा तेवढा नव्हे; वडिलांनी लेखनातून कमावलेल्या नावाचा.

चळवळ आणि स्त्रीचे नाव

ज. वि. पवार यांचे स्थान साहित्य आणि राजकारण यांच्या सीमेवर आहे. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या संस्थापकांपैकी ते एक. ‘नाकेबंदी’ हा त्यांचा कवितासंग्रह आणि आंबेडकरोत्तर चळवळीचा त्यांनी खंडशः लिहिलेला इतिहास ही दोन्ही कामे एकाच निष्ठेतून झालेली आहेत. त्यांच्या राजकारणात आडनावाला स्थान नाही. पँथरचे नावच मुळी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलेले होते. कुळाऐवजी अनुभवाचे साम्य हा तेथे नात्याचा आधार आहे.

ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ 2003 साली प्रसिद्ध झाले. कोकणात बांबूच्या विणकामातून तयार होणाऱ्या वस्तूंना आयदान म्हणतात. लेखिकेची आई हे विणकाम करीत असे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेला आंतरिक साम्य जाणवते. येथे वारसा येतो तो आईच्या हातांतून. आडनाव हे पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारे चिन्ह असल्याने असा वारसा त्यात नोंदवला जात नाही. ‘आयदान’मधील एका प्रसंगात मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या मैत्रिणीच्या दृष्टीस घरातील बुद्ध आणि आंबेडकर यांच्या तसबिरी पडतात आणि त्यानंतर संबंधांत अंतर येते. आडनावाने जे सांगितले नव्हते, ते भिंतीने सांगितले. मीनाक्षी मून यांच्यासमवेत ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांची नावे नोंदवणे हेच त्याचे प्रयोजन होते, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

राजकारणातील आडनाव

ज्या वर्षी ‘बलुतं’ प्रकाशित झाले, त्याच वर्षी, 18 जुलै 1978 रोजी, शरद पवार प्रथम मुख्यमंत्री झाले. त्यानंतर दहा दिवसांच्या आत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. ठरावाची प्रतिक्रिया म्हणून मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. प्रत्यक्षात 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे जावी लागली. नाव ही बाब औपचारिक नसते, याचा याहून मोठा पुरावा आधुनिक महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.

शरद पवार यांचे ‘लोक माझे सांगाती’ हे राजकीय आत्मकथन 2015 मध्ये प्रकाशित झाले. शीर्षकात लोक आहेत, कुटुंब नाही. तरीही या आत्मकथनाचा पाया कौटुंबिक आहे. आई शारदाबाई 1938 मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या. घरात शेतकरी कामगार पक्षाचे वातावरण होते. 1960 च्या बारामती लोकसभा पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव उमेदवार असताना शरद पवार यांनी काँग्रेसचा प्रचार केला. त्या निवडणुकीत आडनाव एक आणि पक्ष दोन होते. पण वाद पक्षाचा होता, आडनावाचा नव्हता.

2024 मध्ये चित्र पालटलेले दिसते. 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडल्यानंतर बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांच्यात लोकसभेची लढत झाली. पवार आडनावाला मत देण्याचे आवाहन एका बाजूने झाले. त्यावर मूळचे पवार आणि बाहेरून आलेले पवार असा भेद शरद पवार यांनी केला. सुनेला बाहेरची मानले गेल्याची टीकाही त्यावर झाली. जन्माने पवार असलेल्या उमेदवाराचे आडनाव सुळे आणि विवाहाने पवार झालेल्या उमेदवाराचे आडनाव पवार, असा हा पेच होता. सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या. त्याच वर्षी विधानसभेला अजित पवार आणि युगेंद्र पवार समोरासमोर आले आणि अजित पवार विजयी झाले. लोकसभेत आडनाव नसलेली व्यक्ती जिंकली. विधानसभेत दोघांचेही आडनाव सारखेच होते. तेव्हा मतदारांनी आडनावावरून कौल दिला, असे म्हणता येत नाही. प्रचाराने मात्र आडनावाला मध्यवर्ती मानले. आडनाव हे कमावलेले, वाटून घेण्याजोगे आणि म्हणून वादग्रस्त भांडवल झाल्याचे ते लक्षण होय.

समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, एकाच आडनावाखाली परस्परांहून अत्यंत भिन्न असे जीवनानुभव नांदतात. त्यामुळे आडनावावरून परंपरा ठरवणे किंवा जात गृहीत धरणे या दोन्ही पद्धती अपुऱ्या आहेत. दुसरी, नावाच्या कोणत्या भागावर लेखकाला श्रम करावे लागतात, यावरून त्याचे सामाजिक स्थान कळते. बारामतीत 2024 साली झगडा झाला तो आडनावावरच्या हक्काचा. ‘बलुतं’मधला झगडा आडनावाच्या आधी येणाऱ्या एका शब्दाचा आहे, कारण माणूस म्हणून ओळखले जाण्याचा प्रश्न त्या शब्दाशी निगडित आहे.

आत्मकथनांच्या अध्यापनात लेखकाचे नाव सामान्यतः मुखपृष्ठावरील माहिती म्हणून वाचले जाते. तेच संहितेचा पहिला शब्द म्हणून वाचले गेल्यास दलित आत्मकथने आणि राजकीय आत्मकथने एकाच वर्गात, एकमेकांशेजारी ठेवून अभ्यासता येतील. लेखकसूचीने ही पुस्तके केवळ वर्णक्रमाने जवळ आणली आहेत. त्यांच्यातील अंतर किती आणि ते कशाचे, हे दाखवण्याचे काम समीक्षेचे आहे.