सुसंगतता कोणाशी? : ८०१८६ च्या मूल्यमापनाचा पुनर्विचार

इंटेल कंपनीच्या ८०१८६ या मायक्रोप्रोसेसरविषयी दोन मते रूढ आहेत. तो १९७८ च्या ८०८६ या आपल्या पूर्वजाशी सुसंगत होता, हे एक. आणि सुसंगत नसल्यामुळेच वैयक्तिक संगणकांत त्याचा निभाव लागला नाही, हे दुसरे. ही मते परस्परविरोधी दिसतात. तथापि दोन्हींत तथ्य आहे. विरोध आहे तो 'सुसंगतता' या संज्ञेच्या सैल वापरात.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ८०८६ भोवती संगणक उभा करावयाचा तर घड्याळाचे स्पंद देणारी, काळ मोजणारी, इंटरप्ट हाताळणारी आणि मध्यस्थाविना स्मृतीशी देवघेव करणारी (डीएमए) अशा अनेक स्वतंत्र चिपा जोडाव्या लागत. १९८२ साली आलेल्या ८०१८६ ने स्पंदजनक, तीन टायमर, इंटरप्ट-नियंत्रक, डीएमएच्या दोन वाहिन्या आणि चिप-निवडीची यंत्रणा ही सर्व सामग्री एकाच चिपेत आणली. शिवाय ८०८६ चा आज्ञासंच कायम ठेवून त्यात मोजकी भर घातली. उदाहरणार्थ, आठ सामान्य रजिस्टरे एकाच आज्ञेने स्टॅकवर ठेवण्याची सोय. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर जुनी रूपे अबाधित राहिली आणि काही नवी सिद्ध झाली.

परंतु कोणतीही भाषा केवळ व्याकरणग्रंथात नांदत नाही. ती बोलणाऱ्यांच्या व्यवहारात नांदते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यात ८०८६ चाच भाऊबंद असलेला ८०८८ हा प्रोसेसर व त्याभोवती स्वतंत्र चिपा होत्या. वेगाच्या लोभाने कार्यक्रमलेखकांनी त्या चिपांच्या ठरलेल्या पत्त्यांवर थेट लिहिण्याचा प्रघात पाडला. ८०१८६ मधील अंगभूत यंत्रणांचे पत्ते आणि त्यांना आज्ञा देण्याची रीत, दोन्ही निराळी होती.

इंटरप्टांच्या क्रमांकांचे उदाहरण याहून बोलके आहे. ० ते ३१ हे क्रमांक इंटेलने स्वतःसाठी राखून ठेवले होते. आयबीएमने त्यांतीलच काही वापरले. १९ हा क्रमांक डिस्कच्या सेवेला दिला. ८०१८६ मध्ये तोच क्रमांक तिसऱ्या टायमरकडे गेला. नियम पाळला इंटेलने, मोडला आयबीएमने; आणि प्रमाण ठरला तो मोडलेला नियम. योगार्थापेक्षा रूढार्थ बलवान असतो, हे आपल्या शास्त्रकारांचे निरीक्षण येथे अक्षरशः खरे ठरते.

१९८३ च्या टँडी २००० या संगणकाने ८०१८६ स्वीकारला. वेगात तो आयबीएमच्या यंत्राहून सरस होता. तरी आयबीएमच्या यंत्रघटकांवर विसंबणारे पुष्कळ कार्यक्रम त्यावर चालत नसत. अंगभूत यंत्रणा बाजूस ठेवून जुन्याच चिपा बाहेरून जोडाव्यात, हा उपाय शक्य होता. पण मग एकत्रीकरणाचे प्रयोजन काय उरले?

यावरून ८०१८६ ला अपयशी ठरविण्याचा मोह होतो. तो निर्णय एकांगी होय. मोडेम आणि अन्य नियंत्रक यंत्रे यांत याच प्रोसेसराला दीर्घ आयुष्य लाभले. इंटेलने त्याचे उत्पादन २००७ साली थांबविले. अशा यंत्रातील सर्व कार्यक्रम त्याचा निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो. परक्यांच्या सवयींचा वारसा तेथे नसतो. म्हणून तेथे आज्ञासंचाची सुसंगतता पुरेशी ठरली आणि एकत्रीकरणाचा लाभ पूर्णपणे पदरात पडला. जी रचना एका समाजात परकी ठरली, तीच दुसऱ्यात सोयीची ठरली. रचना बदलली नव्हती. बदलले होते ते तिचे भाषक.

तात्पर्य, 'सुसंगत' हे पद नेहमीच साकांक्ष आहे. 'कोणाशी?' या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. ग्रंथित नियमांशी सुसंगतता आणि रूढ व्यवहाराशी सुसंगतता या दोन भिन्न कसोट्या आहेत. ८०१८६ पहिलीला उतरला, दुसरीला उतरला नाही. दोन्ही निकाल एकाच शब्दात कोंबणारे मूल्यमापन मात्र कोणत्याच कसोटीला उतरत नाही.