सेवेचा स्वयंपाक कोण करतं?

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात असताना विनोदी पुस्तक म्हणून वाचलं. विसरभोळा, लहरी नवरा आणि फटकळ बायको; हसून हसून पुरेवाट झाली होती. परवा पुन्हा वाचताना मात्र ते हसू अडलं.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्यांचं मन पंडिती वादविवादांनी बदललं नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांची श्रद्धा अशी रोजच्या अन्नपाण्यातून आत आली.

पण इथेच मला एक गोष्ट खुपते. टिळक मनात येईल त्याला घरी आणणार, हातातलं देऊन टाकणार. त्यांची गणना संतांमध्ये होणार. मग त्या माणसांचं जेवणखाण, आजारपण कुणी निभावायचं? लक्ष्मीबाई चिडतात, भांडतात आणि तरीही चूल पेटवतात. त्याला सेवा म्हणायचं आपल्याला सुचत नाही, कारण त्यात पावित्र्याचा आव नाही. मला मात्र ती श्रद्धा म्हणूनच पटते.

पुस्तक पुन्हा उघडाल तेव्हा हसू येईल त्या जागी जरा थांबा. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी राबत असतं.