सामायिक कॅशे: फेसबुकच्या २०१३ च्या शोधनिबंधाची चिकित्सा



अनेक सर्व्हरमध्ये वाटलेला कॅशे शिकताना 'स्केलिंग मेमकॅश ॲट फेसबुक' हा शोधनिबंध कधी ना कधी तुमच्या हाती येतोच. राजेश निश्तला आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये एनएसडीआय परिषदेत मांडला. निबंध उत्तम आहे. पण प्रकल्प तपासताना मला दिसते, की आपण त्यातील आकृती उचलतो आणि गृहीतक तिथेच सोडून येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, वाराणसीच्या बालाजी घाटावरील एका धर्मशाळेचे खोल्यांचे आरक्षण तुम्ही तीन वेब सर्व्हरवर चालवता. प्रत्येकाचा कॅशे वेगळा असेल, तर एक सर्व्हर 'एक खोली शिल्लक' म्हणेल आणि दुसरा 'शिल्लक नाही'. म्हणून सर्वांना मिळून एक सामायिक कॅशे लागतो.

मेमकॅशडी हे सॉफ्टवेअर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिले. लक्षात घ्या, त्याचे सर्व्हर एकमेकांना ओळखतही नाहीत. कोणती की कोणत्या सर्व्हरवर जाईल, हे क्लायंट ठरवतो. त्यामुळे तिन्ही वेब सर्व्हरवर कॅशे सर्व्हरची यादी तंतोतंत सारखी हवी. हॅशला सर्व्हरच्या संख्येने भागून बाकी घेण्याची पद्धत सोपी आहे. पण कॅशे सर्व्हर तीनाचे चार केले, की सुमारे ७५ टक्के कीज जागा बदलतात आणि सगळा भार डेटाबेसवर कोसळतो. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये सुमारे २५ टक्केच हलतात.

आता निबंधाचे खरे बळ पाहू. डेटा बदलला, की आधी डेटाबेसमध्ये लिहायचे आणि मग कॅशेतील की बदलायची नाही, पुसायची. कारण पुसणे दोनदा झाले तरी परिणाम तोच राहतो. तरीही एक फट उरते. पहिल्या सर्व्हरला कॅशेत की मिळाली नाही, म्हणून त्याने डेटाबेसमधून 'एक खोली' वाचले आणि तो क्षणभर रेंगाळला. तेवढ्यात दुसऱ्याने ती खोली आरक्षित करून की पुसली. मग पहिल्याने जुने 'एक खोली' कॅशेत लिहून टाकले! यावर निबंधाचा उपाय 'लीज' हा आहे. की न मिळाल्यास कॅशे एक टोकन देतो. मध्ये की पुसली गेली, तर ते टोकन रद्द होते आणि जुने मूल्य स्वीकारले जात नाही. एकाच कीसाठी सगळे एकदम डेटाबेसकडे धावणेही याच टोकनमुळे थांबते. काही निवडक कीजवर लीजमुळे डेटाबेसवरील सर्वोच्च भार सेकंदाला १७,००० वरून १,३०० मागण्यांवर आला, असे लेखक नोंदवतात.

माझा आक्षेप उपायांवर नाही, ते कुठे लागू होतात यावर आहे. थोडा शिळा डेटा दिसला तरी चालेल, हे लेखकांनी प्रामाणिकपणे मान्य केले आहे. मित्राचे छायाचित्र दोन सेकंद उशिरा दिसले, तर कुणाचे काही अडत नाही. पण शेवटची खोली दोघांना दिली गेली, तर रात्री सामान घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरून आलेले एखादे म्हातारे जोडपे दारात उभे राहील. निबंध जिथे थांबतो, तिथे हा प्रश्न सुरू होतो आणि आपल्या प्रकल्प-अहवालांत तो विचारलाच जात नाही.

उत्तर कठीण नाही. खोल्यांची यादी, दर, छायाचित्रे कॅशेतून खुशाल दाखवा. शिल्लक खोल्यांचा आकडाही दाखवा, पण अंदाज म्हणून. आरक्षणाचा निर्णय मात्र डेटाबेसच्या एकाच व्यवहारात घ्या: खोली रिकामी असेल तरच नोंदवा, नसेल तर नकार द्या.

प्रकल्पात कॅशे मांडण्यापूर्वी प्रत्येक कीपुढे एक ओळ लिहा: ही शिळी झाली, तर कोणाचे काय बिघडेल? ज्या कीपुढे तुमचा हात अडखळेल, तिच्यावर निर्णय सोपवू नका.